अतिक्रमण हटते, माणूस कोठे जातो?



अतिक्रमण हटाव मोहीम निघाली की जेसीबी, ट्रक, मजूर व पोलीस बंदोबस्त येतो. हा सर्व खर्च जनतेच्या पैशातून होतो. त्यातून काय साधते, हे समजण्यासाठी मुंबईचे एक प्रकरण पाहू.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतील झोपडीवासी व फूटपाथवासीयांना सक्तीने मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. दहाच दिवसांनी, ऐन पावसाळ्यात, तामिळनाडूतील सेलमकडील एका भूमिहीन मजुराची फूटपाथवरची झोपडी पाडली गेली व त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. बायको व मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परत मुंबईस आला आणि पुन्हा फूटपाथवरच राहू लागला. म्हणजे एवढ्या खटाटोपातून झाली ती एका कुटुंबाची ताटातूट!

हे सर्व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. पत्रकार ऑल्गा टेलिस व इतरांच्या याचिकांवर १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, हे त्यात मान्य झाले. मात्र फूटपाथवर अतिक्रमण करण्याचा हक्क कोणासही नाही, असेही न्यायालयाने सांगितले. पहिलाच भाग आपण भाषणांत सांगतो. दुसराही वाचला पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने बांधकाम पाडण्यापूर्वी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. परंतु रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा व नदीपात्र यांवरील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. तेव्हा धुळ्यात पांझरेच्या पात्रातील झोपडी किंवा जळगावात रेल्वेलगतची खोपटी यांना त्या नोटिशीचा आधार नाही.

आता दुसरी बाजू. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांचा कायम निवारा, असे प्रमाण ठरले होते. खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, धुळ्याची पावणेचार लाख. या हिशेबाने जळगावात किमान ४६० व धुळ्यात ३७५ माणसांची निजण्याची सोय हवी. २०११ नंतर शहरे वाढली, ते वेगळेच.

विद्यार्थी मित्रांनी एवढे करावे. माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात महानगरपालिकेस दोन आकडे विचारावेत: गेल्या वर्षी अतिक्रमण निर्मूलनावर किती खर्च झाला आणि बेघर निवाऱ्यावर किती. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.