‘टेक’, ‘घेणे’ आणि ‘कोळ्’ : तंजावरच्या संदर्भात अनेकार्थतेचा विचार

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील इंग्रजी ग्रंथांत डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या इंग्रजी कोशाची १७८४ सालची आवृत्ती आहे. १७५५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कोशात ‘टेक’ या एकाच क्रियापदाचे १३४ अर्थ दिलेले होते. ज्या दुसऱ्या सर्फोजी महाराजांच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) हे ग्रंथालय विशेष समृद्ध झाले, त्यांच्या दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत व इंग्रजी या भाषा एकत्र नांदत होत्या. इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावली’ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथेच छापली गेली. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश निघाला तो १८४७ साली. अर्थात तंजावरच्या भाषांतरकाराला तशा विस्तृत कोशाचा आधार नव्हता. त्याच्यापुढे जो प्रश्न होता, तो आजही तौलनिक अभ्यासकापुढे आहे : एका शब्दाचे अनेक अर्थ नेमके असतात कोठे? शब्दात, की त्याच्या सोबत्यांत?

प्रथम इंग्रजी ‘टेक’चा विचार करू. हे क्रियापद स्वतः फार थोडे सांगते. उरलेले त्याचे कर्म सांगते. कर्म ‘श्वास’, ‘शपथ’ किंवा ‘औषध’ असेल तर मराठीत ‘घेणे’ चालते. कर्म ‘छायाचित्र’ असेल तर मराठी ‘काढणे’ म्हणते. ‘वेळ’ असेल तर ‘लागणे’. माणसाला घरी ‘नेतात’, गाडी ‘पकडतात’. क्रियापदापुढे एखादे लहानसे अव्यय आले की अर्थ आणखी पालटतो : अंगरखा उतरविणे, विमानाने उड्डाण करणे, मुलीने आईच्या वळणावर जाणे या साऱ्या क्रिया इंग्रजीत ‘टेक’च्याच पोटात मावतात. कोशातील अर्थांची लांबलचक यादी ही बव्हंशी या सोबत्यांची यादी असते. ऑक्सफर्ड कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी २०११ साली संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदविले, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

परीक्षेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्रज विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’. मराठी विद्यार्थी ती ‘देतो’. घेणारा असतो तो शिक्षक. तमिळ विद्यार्थी परीक्षा ‘लिहितो’. घटना एकच, पण इंग्रजीने ती अंगीकार म्हणून पाहिली, मराठीने देवघेव म्हणून आणि तमिळने हाताचे काम म्हणून. येथे ‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ असे समीकरण मांडणारा भाषांतरकार विद्यार्थ्याला परीक्षकाच्या खुर्चीत बसवील.

तथापि ‘घेणे’ हे ‘टेक’पेक्षा दरिद्री आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘त्याने घर घेतले’ म्हणजे विकत घेतले. कोणाचा ‘समाचार घेणे’ म्हणजे विचारपूस करणे आणि खरडपट्टी काढणेही. पण या धातूचे खरे सामर्थ्य दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभे राहिल्यावर प्रकट होते. ‘लिहून घेतले’ आणि ‘लिहून दिले’ यांत लिहिण्याची क्रिया तीच. भेद आहे तो फळ कोणाकडे गेले याचा. ‘समजून घेणे’, ‘आवरून घेणे’, ‘जुळवून घेणे’ यांत क्रियेचा ओघ कर्त्याकडे वळतो. इंग्रजी ‘टेक’ला हे काम करता येत नाही.

तमिळला मात्र ते करता येते. ‘कोळ्’ या धातूचा मूळ अर्थ घेणे हाच. ‘एऴुदिक्कोंडान्’ म्हणजे त्याने लिहून घेतले. ‘एऴुदिक्कोडुत्तान्’ म्हणजे लिहून दिले. संस्कृतात हाच भेद प्रत्ययांनी होतो : ‘पचति’ दुसऱ्यासाठी, ‘पचते’ स्वतःसाठी, क्रियाफळ कर्त्याकडे जात असता आत्मनेपद योजावे असे पाणिनीने सांगितले आहे. मराठीची ही रचना महाराष्ट्रातही सर्वत्र आढळत असल्याने ती तंजावरात तमिळच्या प्रभावाने आली, असे म्हणता येणार नाही. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले. हे साम्य त्या व्यापक चौकटीत पाहणे अधिक सयुक्तिक होय. साम्याला मर्यादाही आहे. ‘एऴुदिक्कोंडिरुक्किऱान्’ म्हणजे तो लिहीत आहे; तेथे ‘कोळ्’ केवळ क्रियेचे चालू असणे दाखविते. ‘घेणे’ तिथवर जात नाही.

हा विचार केवळ व्याकरणाचा नाही. १७९९ च्या तहान्वये तंजावर राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि सर्फोजींकडे मुख्यतः किल्ल्यापुरता अधिकार उरला. काळजी वाहणे, कारभार हाती घेणे आणि प्रदेश ताब्यात घेणे या तीनही गोष्टी इंग्रजीत ‘टेक’ने सांगता येतात; त्यामुळे एकीचा सौम्यपणा दुसरीवर सहज पसरतो. मराठीला निवड करावी लागते : ‘सांभाळले’, ‘हाती घेतले’ की ‘बळकावले’? आणि कारभार ‘लिहून दिला’ असे म्हणायचे की ‘लिहून घेतला’? यांपैकी कोणतेही उत्तर तटस्थ नाही. मोडी आणि इंग्रजी कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याने म्हणूनच शब्दाला शब्द जुळविण्याआधी, घेणारा कोण आणि फळ कोणाकडे, हे विचारले पाहिजे.

तात्पर्य, अर्थांची संख्या मोजून भाषांची तुलना होत नाही. इंग्रजीत ‘टेक’ची अनेकार्थता मुख्यतः कर्मावर आणि अव्ययावर विसंबते, मराठी-तमिळमध्ये ‘घेणे’ व ‘कोळ्’ यांची अनेकार्थता बऱ्याच अंशी सोबतच्या क्रियापदातून फुलते. कोशातले १३४ अर्थ ही भाषांतराची सुरुवात असते. निवडीची जबाबदारी मात्र भाषांतरकाराला स्वतःवरच घ्यावी लागते.