सोलर आज बसवावं की थांबावं?

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत घरावर सोलर बसवायचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: पॅनेल दरवर्षी सुधारताहेत, स्वस्त होताहेत, मग घाई कशाला? प्रश्न रास्त आहे. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सौरघट उन्हातल्या जेमतेम 6 टक्के ऊर्जेची वीज करी; आज बाजारातली चांगली पॅनेल 21-22 टक्के करतात.

पण कार्यक्षमता वाढली की वाचते ती मुख्यतः जागा. 3 किलोवॉटचा संच जुन्या पॅनेलचा असो वा नव्या, वीज जवळपास तेवढीच देतो. छपरावर जागा पुरेशी असेल, तर थांबून हाती फारसं लागत नाही. प्रयोगशाळेत 34 टक्क्यांपुढे गेलेले पेरोव्स्काइट-सिलिकॉन जोडघट आशादायक आहेत. मात्र पेरोव्स्काइटला दमट हवा सोसत नाही, आणि कोकणात दमट हवेला तोटा नाही.

आता हिशेब मांडू. 3 किलोवॉटचा संच वर्षाला साधारण 3,600 युनिट देतो. युनिटमागे 8 रुपये धरले, तरी 28,800 रुपये वाचतात. समजा, संचातल्या पॅनेलची किंमत 70,000 रुपये आहे आणि ती वर्षभरात 10 टक्क्यांनी उतरली. फायदा 7,000 रुपयांचा; थांबल्यामुळे बुडाले 28,800. इन्व्हर्टर, सांगाडा, वायरिंग आणि मजुरी हा खर्च त्या वेगाने उतरतही नाही. शिवाय पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान आहे आणि योजनेची मुदत 2026-27 पर्यंतच आहे.

किनाऱ्यावर खरी काळजी घ्यायची ती खाऱ्या वाऱ्याची. पॅनेल क्षार-धुक्याच्या चाचणीत उतरलेलं आहे का, ते विचारा. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवा, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. नारळी-पोफळीच्या वाडीत सावलीही पाहावी लागते: पॅनेल एका साखळीत जोडलेली असतात, त्यामुळे एका झावळीची सावली साऱ्या साखळीची वीज घटवू शकते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला साधा संच अशा वेळी भर उन्हातही वीज देत नाही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येऊ नये, म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. त्यावर उपाय बॅटरीचा. लिथियम बॅटऱ्या 2010 च्या तुलनेत सुमारे 90 टक्क्यांनी स्वस्त झाल्या आहेत आणि अजूनही उतरताहेत. थांबायचंच असेल, तर ते मोठ्या बॅटरीसाठी.

म्हणून बिल जास्त येत असेल आणि छप्पर मजबूत व सावलीमुक्त असेल, तर पॅनेल आताच बसवा. इन्व्हर्टर मात्र पुढे बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड घ्या आणि सांगाडा वादळी वाऱ्याला टिकेल असा बांधून घ्या. पॅनेलची हमी 25 वर्षांची असते. सांगाड्याचं आयुष्यही तेवढंच हवं.