पडद्यावरील इतिहास

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले. मुंबईत त्यांचे जे स्वागत झाले, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेऱ्याने टिपून घेतले. प्रत्यक्ष घडलेला प्रसंग टिपणाऱ्या भारतातील अगदी आरंभीच्या चित्रफितींपैकी ती एक होय. आज मात्र ती पाहावयास मिळत नाही. त्या दिवशीची गर्दी आणि तिचा आनंद यांची आता केवळ वर्णनेच उरली आहेत.

अशा चित्रफिती एकत्र गुंफून जो चित्रपट तयार होतो, त्यास अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. त्याचा प्रभाव विलक्षण असतो. गांधीजींना ज्यांनी कधीच पाहिले नाही, त्यांच्याही डोळ्यांपुढे त्यांची ती झपझप चाल उभी राहते. ही आठवण स्वतःच्या अनुभवाची नव्हे. ती पडद्याने दिलेली आहे. लक्षावधी लोक जेव्हा तेच चित्र मनात बाळगतात, तेव्हा ते साऱ्या समाजाची स्मृती बनते.

गांधीजींचा असा चरित्रपट प्रथम तयार केला तो ए. के. चेट्टियार या तमिळ पत्रकाराने. १९३७ साली अमेरिकेहून आयर्लंडकडे जात असता जहाजावर त्यांना ही कल्पना सुचली. मग त्यांनी देशोदेशी प्रवास केला आणि सुमारे शंभर छायाचित्रकारांनी तीस वर्षांत टिपलेली सुमारे ५०,००० फूट फीत गोळा केली. १९४० साली चित्रपट प्रकाशित झाला, तेव्हा त्याची लांबी सुमारे १२,००० फूट होती. म्हणजे मिळालेल्या चार फुटांतील जेमतेम एक फूट प्रेक्षकांपुढे आला. काय ठेवावे व काय वगळावे, हे कोणा एका माणसास ठरवावेच लागते.

येथे मराठी माणसास अस्सल पत्र आणि बखर यांतील भेद सहज आठवेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे मिळविली, ती बखरींतील हकीकत पारखून घेता यावी म्हणून. चित्रफितीचा मूळ तुकडा हा अस्सल पत्रासारखा असतो. अनुबोधपट ही त्या तुकड्यांवरून रचलेली बखर असते. तुकड्यांचा क्रम, मागाहून घातलेले संगीत व निवेदकाचे शब्द बदलले, की तीच चित्रे निराळा अर्थ सांगू लागतात.

कित्येकदा तर मूळ तुकड्याचीही परीक्षा करावी लागते. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा अनुबोधपट जगभर गाजला. कॅनडाच्या उत्तर भागातील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांचे जीवन त्यात दाखविले आहे. परंतु त्यातील नायकाचे खरे नाव नॅनूक नव्हते. तेथील शिकारी त्या काळी बंदुका वापरू लागले होते, तरी चित्रपटात जुन्या पद्धतीने भाल्यांनी शिकार करविली. आत उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घरही अर्धवट उघडे बांधले. प्रेक्षकांनी मात्र हेच त्या लोकांचे चालू जीवन समजून लक्षात ठेवले.

म्हणून अनुबोधपट टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. काळाच्या ओघात गेलेली माणसे पुन्हा चालताबोलताना दाखविण्याचे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्या साधनात आहे? जुन्या फिती लवकर कुजतात व चटकन पेट घेतात. त्या जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ते याच जाणिवेने.

तथापि पाहणाऱ्याने डोळ्यांबरोबर बुद्धीही जागी ठेवावी. हे कोणी टिपले? केव्हा टिपले? कोणत्या हेतूने जुळविले? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कॅमेरा कोठे पोहोचलाच नाही? देशासाठी झिजलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांसमोर कधी कॅमेरा उभा राहिला नाही. पडद्यावर ते दिसत नाहीत, म्हणून ते नव्हते असे नाही. त्यांची आठवण राखणे हे पाहणाऱ्याचे कर्तव्य आहे.