प्रमाणपत्र कशाला लागतं, कशाला नाही

तोच चित्रपट, तेच प्रसंग. थिएटरात लावायचा तर सरकारी प्रमाणपत्र हवं. थेट ओटीटीवर आणला तर नको. हा फरक ठाऊक नसल्याने पालकांचीच सर्वाधिक दिशाभूल होते.

गैरसमज : सेन्सॉर बोर्ड सगळंच तपासतं.
वस्तुस्थिती : १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार बोर्डाकडे येतात ते सार्वजनिक प्रदर्शनाचे चित्रपट. त्याचं नावही १९८३पासून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असं आहे. टीव्ही मालिकांचे भाग आधी त्याच्याकडे जात नाहीत; त्यांना केबल टीव्ही कायद्याची कार्यक्रमसंहिता लागू होते. सिनेमागृहातल्या ट्रेलरला प्रमाणपत्र लागतं, यूट्यूबवरच्या ट्रेलरला लागत नाही.

गैरसमज : माहितीपटांना सूट असते.
वस्तुस्थिती : के. ए. अब्बास यांच्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या माहितीपटाला मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या दृश्यांमुळे सर्वांसाठीचं 'यू' प्रमाणपत्र नाकारलं गेलं. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७०मध्ये न्यायालयाने चित्रपटांचं पूर्वपरीक्षण वैध ठरवलं. हलतं-बोलतं चित्र इतर कलांपेक्षा मनावर अधिक परिणाम करतं, हे त्यामागचं प्रमुख कारण. महोत्सवांसाठी मात्र केंद्र सरकार सूट देऊ शकतं.

गैरसमज : ओटीटीवरचं 'यू/ए १३+' मंडळ देतं.
वस्तुस्थिती : २०२१च्या नियमांनुसार हे वर्गीकरण प्लॅटफॉर्म स्वतः करतो, १३+ आणि त्यावरच्या आशयाला पालकांसाठी कुलपाची सोयही त्यानेच द्यायची. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने मंडळाच्या 'यूए' प्रमाणपत्रातही ७+, १३+, १६+ असे गट आले. खुणा जवळपास सारख्या, ठरवणारे वेगळे! शिवाय थिएटरात 'यूए'चे हे गट पालकांना मार्गदर्शनापुरते असतात. मुलांना प्रवेशबंदी असते ती 'ए' चित्रपटाला.

गैरसमज : नाटकाला परवानगी लागत नाही.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' १९७२मध्ये याच परीक्षणात अडकलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. पुढे २०१६मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरीक्षणालाच न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचा प्रश्न रास्त आहे. काहीशे प्रेक्षकांसमोर होणाऱ्या नाटकाची संहिता आधी तपासली जाते. त्याच संहितेवर वेबमालिका काढली, तर ती घरोघरी पोहोचण्याआधी कोणत्याही सरकारी मंडळापुढे ठेवावी लागत नाही.