आयसीयूबाहेर मुलांना एकटं सोडू नका, लिव्हिंग विल आजच करा

रात्रीचे २ वाजले आहेत. आयसीयूबाहेरच्या बाकावर तुमची मुलगी बसली आहे. मुलगा दुसऱ्या शहरातून फोनवर आहे. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘‘व्हेंटिलेटर लावायचा का? लवकर सांगा.’’ मुलगी म्हणते, ‘‘आईला असं नळ्यांनी जखडून ठेवलेलं आवडलं नसतं.’’ मुलगा म्हणतो, ‘‘काहीही करा, पण तिला वाचवा.’’

दोघांचंही तुमच्यावर जिवापाड प्रेम आहे. पण तुम्हाला नेमकं काय हवं आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही. कारण तुम्ही ते कधी सांगितलंच नाही. उत्तर काहीही दिलं तरी ‘आपण चुकलो तर नाही?’ ही बोच त्यांच्या मनात पुढची कित्येक वर्षं राहते.

आपण घराचं मृत्युपत्र करतो, बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो, दागिने कोणाला द्यायचे तेही ठरवतो. मग आपल्या शेवटच्या उपचारांबद्दलच गप्प का बसायचं? यासाठीच लिव्हिंग विल म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र असतं आणि भारतात त्याला कायद्याची मान्यता आहे.

हा हक्क कसा मिळाला?

या कहाणीची सुरुवात मुंबईतल्या केईएम रुग्णालयात झाली. १९७३ मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर निर्घृण अत्याचार झाला. त्यानंतर त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांच्यासाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मात्र, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार काटेकोर अटींवर थांबवता येतील, हे न्यायालयाने मान्य केलं. केईएममधल्या परिचारिकांनी अरुणाताईंना शेवटपर्यंत घरच्यासारखं जपलं. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की, सन्मानाने मरणं हादेखील घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. संसद कायदा करेपर्यंत न्यायालयाचे नियमच लागू राहतील, असंही ठरलं.

पण ते नियम फार किचकट होते. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सोपे केले. हे नियम देशभर सारखेच आहेत. तुम्ही पुण्यात राहा, इंदूरला, बडोद्याला की बंगळुरूला, पद्धत तीच.

कागद कसा करायचा?

• वय १८ पूर्ण हवं, मन खंबीर आणि बुद्धी शाबूत हवी. कोणाच्याही दबावाखाली लिहू नका.

• कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत, ते स्पष्ट लिहा. ‘मला त्रास देऊ नका’ एवढं पुरत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करणं, नळीने अन्न देणं, याबद्दल एकेक करून लिहा. कागद संदिग्ध असेल तर त्यानुसार वागता येत नाही. म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांशी बोला.

• तुम्ही बोलू शकला नाहीत तर तुमच्या वतीने कोण बोलणार, त्यांची नावं लिहा. एकापेक्षा जास्त नावं देता येतात.

• दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्या.

• नावं दिलेल्या व्यक्तींना आणि फॅमिली डॉक्टरांना प्रत द्या. एक प्रत तुमच्या महानगरपालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करा. हवं तर डिजिटल आरोग्य नोंदीतही ती ठेवता येते.

अनेक ठिकाणी या अधिकाऱ्याची माहिती खिडकीवर पटकन मिळत नाही. अशा वेळी निराश होऊन परतू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीचं परिपत्रक काढलं. गोव्यात २०२४ मध्ये पहिलं लिव्हिंग विल नोंदवलं ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी.

रुग्णालयात काय होतं?

कागद दाखवला आणि लगेच यंत्र बंद केलं, असं होत नाही. रुग्ण बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि तो स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, अशाच वेळी हा कागद लागू होतो. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ रुग्णाला तपासतं. मग दुसरं मंडळ तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. नावं दिलेल्या व्यक्तींची संमतीही लागते. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून निर्णय अमलात येतो. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

हे गैरसमज दूर करा

‘हे तर इच्छामरण झालं.’ नाही. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणं भारतात आजही गुन्हा आहे. इथे फक्त निष्फळ कृत्रिम उपचार थांबवले जातात.

‘मग मला तसंच तळमळत ठेवतील.’ मुळीच नाही. वेदना कमी करणारी औषधं, स्वच्छता आणि मायेची काळजी शेवटपर्यंत सुरूच राहते.

‘एकदा सही केली की संपलं.’ नाही. तुम्ही हा कागद केव्हाही लेखी देऊन रद्द करू शकता किंवा बदलू शकता. शुद्धीवर असेपर्यंत तुमचा शब्दच चालतो.

‘हे म्हाताऱ्यांसाठी आहे.’ अपघात वय विचारून होत नाही.

खरी अडचण घरातच असते

नोटरीकडे जाणं सोपं आहे. पण जेवणाच्या टेबलावर हा विषय काढणं अवघड. ‘‘असं अभद्र काय बोलतेस?’’ म्हणून मुलं उठून जातील. त्यांना जाऊ द्या. चार दिवसांनी पुन्हा काढा. सांगा, ‘‘मला मरायची घाई नाही. पण वेळ आलीच, तर तुम्ही दोघांनी भांडू नये एवढंच मला हवंय.’’

तुमचे आईवडील हयात असतील तर त्यांनाही हळुवारपणे विचारा. त्यांचं उत्तर ‘शेवटपर्यंत सगळे उपचार करा’ असंही असू शकतं. तोही त्यांचाच हक्क आहे. महत्त्वाचं हे की ते उत्तर त्यांच्या तोंडून आलेलं असावं.

मग कधी आयसीयूबाहेर डॉक्टरांनी विचारलंच, तर तुमच्या मुलीला अंदाज बांधावा लागणार नाही. ती कागद पुढे करून म्हणेल, ‘‘आईने सांगून ठेवलंय.’’ आणि फोनवर तिचा भाऊही तेच म्हणेल.