धुराचे मूळ कोठे?

पावसाळा ओसरतो, रस्ते वाळतात, लाल माती पुन्हा हवेत उडू लागते. आणि गोमंतकातील डिझेल गाड्यांच्या मालकांची एक ठरावीक तक्रार कानी येऊ लागते. गाडी ओढत नाही! सपाटीवर ती निमूट चालते. पण चोर्ल्याचा वा अनमोडचा चढ लागला की तिला धाप लागते, गिअर उतरवावा लागतो आणि पाठीमागे काळ्या धुराचा लोट उठतो. मग गाडी गॅरेजमध्ये जाते. डिझेलात भेसळ असल्याचा संशय घेतला जातो, पंप उतरविला जातो, नोझल तपासले जातात आणि मालकाच्या हाती भले मोठे बिल पडते. कित्येकदा यांतले काहीच बिघडलेले नसते. दोष असतो तो बॉनेटखालच्या एका डब्यात दडलेल्या कागदी गाळणीचा. एअर फिल्टर या नावाने सर्वांस ठाऊक असलेल्या या स्वस्त भागाची आठवण मात्र सर्वांत शेवटी होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार होय.

डिझेल इंजिनाला हवा किती लागते, याची कल्पना फार थोड्यांना असते. एक लिटर डिझेल पुरते जळण्यास किमान १२ किलो हवा लागते; आकारमानाने ती सुमारे १० हजार लिटर भरते. प्रत्यक्षात याहूनही बरीच अधिक हवा आत घ्यावी लागते. १८९७ साली जर्मनीतील आऊग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांनी यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी नाही. हवा दाबून तापवावयाची आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा फवारा सोडावयाचा, ही त्याची रीत. फवाऱ्यातील कणाकणाला त्या क्षणार्धात प्राणवायू भेटावा लागतो. ज्याला तो भेटत नाही, त्याची काजळी होते. चढावर इंजिन सर्वाधिक हवा मागते, आणि नेमकी तेव्हाच तुंबलेली गाळणी आडवी येते. सपाटीवर न जाणवणारा दोष घाटात उघडा पडतो तो यामुळेच.

जुन्या आणि नव्या गाड्यांत या दोषाची लक्षणे भिन्न असतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. जुन्या धर्तीच्या पंपाला हवेची वार्ता नसते. चालकाने पाय दाबला की तो इंधन सोडतो. हवा अपुरी असली तर ते अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडते. आजच्या कॉमन रेल गाड्यांत बहुधा आत येणारी हवा मोजण्याची सोय असते. हवा घटली की गाडीतील संगणक इंधनाचा हात आखडता घेतो. धूर त्यामुळे आवरतो, पण जोरही ओसरतो. टर्बोचार्जरची चाकी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. तिलाही पुढून हवा मिळेना झाली, की तेवढाच दाब निर्माण करण्यास अधिक राबावे लागते.

मायलेज घटले नाही म्हणून गाळणी ठीक आहे, असे मानणेही धोक्याचे आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक पेट्रोल मोटारींवर केलेल्या चाचण्यांत तुंबलेल्या गाळणीमुळे मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद मात्र कमी झाली. पेट्रोलचा नियम डिझेलला जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि, केवळ इंधनाच्या हिशेबावर विसंबणाऱ्यास हा दोष उशिरा कळतो, एवढा बोध त्यातून घेता येईल.

मग गाळणी केव्हा बदलावी? उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर हे साधारण रस्त्यांसाठी असतात; धुळीच्या प्रदेशात ती मुदत अलीकडे आणावी, असेही तेथे बहुधा लिहिलेले असते. ते वाचतो कोण? २०१२ साली खाणी बंद पडण्यापूर्वी डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांमागे उडणारी लाल धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पणजीतील गाडी आणि त्या वाटेवरील गाडी एकाच मापाने मोजता येणार नाही, हे सांगावयास नको.

याउलट अतिउत्साहही घातक ठरतो. थोडी धूळ बसलेली कागदी गाळणी नव्या गाळणीपेक्षा बारीक कण अधिक चांगले अडविते. ती रोज काढून आपटणे, जोराच्या वाऱ्याने झाडणे किंवा धुणे म्हणजे कागदाला भोके पाडण्यास आमंत्रण देणे. आणि गाळणी काढून ठेवून गाडी दामटणे हा तर शुद्ध आत्मघात. धुळीतील वाळूचे कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजवितात. ती झीज भरून काढण्याचा खर्च शेकडो गाळण्यांच्या किमतीएवढा होतो. प्रत्येक काळ्या धुराचे मूळ गाळणीतच असते, असे आम्ही म्हणत नाही. नोझल, टर्बो यांचे दोषही खरे असतात. परंतु नवी गाळणी बसवून तोच चढ एकवार चढून पाहावा आणि मगच पंपाला हात घालावा, हा क्रम शहाणपणाचा आहे.

हा प्रश्न केवळ मालकाच्या खिशाचा नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. धुराच्या तपासणीत भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ आणि भारत स्टेज चारच्या गाड्यांना ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा घालण्यात आली. तपासणी केंद्रावर आकडा छापून मिळतो. तो का वाढला, हे मात्र सांगितले जात नाही. नापास झालेल्या गाडीचा फिल्टर तेथल्या तेथे उघडून पाहण्याची रीत घालणे काही अवघड नाही. वाहतूक खात्याने ती जरूर घालावी. रस्त्यांची कामे चालू असता पाणी शिंपडण्याची ठेकेदारांची जबाबदारीही तितक्याच कसोशीने अंमलात आणली जावी. टॅक्सी आणि टेम्पो यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या कमाईचा हा प्रश्न आहे; आणि त्यांच्या मागून पायी वा दुचाकीवरून जाणाऱ्याच्या फुफ्फुसांचाही.