बर्फ हटवायचा, पण ठेवायचा कुठे?

डिसेंबर उजाडला की इन्स्टावर ती रील्स हमखास येतात. कानटोपी घातलेले एखादे आजोबा, त्यांच्याखाली खेळण्यातला वाटावा असा हिरवा नाहीतर लाल ट्रॅक्टर, आणि पुढच्या पात्याने शांतपणे बाजूला सरकणारा पांढराशुभ्र बर्फ. बघायला एकदम रिलॅक्सिंग! बघता बघता मनात येतंच, एवढ्याशा अंगणासाठी ट्रॅक्टर कशाला? चार पोरं आणि चार फावडी पुरली नसती का?

तर मंडळी, आधी एक छोटं गणित. घराच्या गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा जो पक्का पट्टा असतो, त्याला तिकडे ड्राइव्हवे म्हणतात. तो २० फूट रुंद आणि ५० फूट लांब धरू. रात्रीतून त्यावर एक फूट बर्फ पडला. ताज्या बर्फाचा ढोबळ हिशोब असा, की दहा इंच बर्फ वितळला तर साधारण एक इंच पाणी होतं. म्हणजे आपल्या फूटभर बर्फात जेमतेम तीस मिलिमीटर पाणी. मुंबईत एवढा पाऊस पडला तर कुणी कॉलेजला दांडीही मारणार नाही! पण पाऊस वाहून जातो, बर्फ जागेवर बसून राहतो. त्या एका ड्राइव्हवेवर जवळपास पावणेतीन टन वजन पडलेलं असतं, म्हणजे तीन छोट्या गाड्यांएवढं. सकाळी आठला ऑफिस गाठायचं असेल तर ते त्याआधी हलवायचं. आणि बर्फ ओला, पाणीदार असला तर हेच वजन दुप्पट-तिप्पट होऊ शकतं.

बरं, ‘जाऊ दे, आज घरीच बसू’ असंही चालत नाही. अनेक शहरांत घरासमोरचा फूटपाथ मोकळा करणं ही महापालिकेची नाही, घरमालकाची जबाबदारी असते. बोस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांत. न्यूयॉर्क शहरात दिवसा बर्फ थांबला तर चार तासांत. नाही केलं तर दंड.

फावड्याने काम होतं की, पण त्याची किंमत शरीर मोजतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९० ते २००६ या काळातल्या इमर्जन्सी विभागांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बर्फ उपसताना दुखापत झालेले किंवा त्रास झालेले वर्षाला सरासरी साडेअकरा हजार लोक दवाखान्यात पोहोचत होते. त्या सतरा वर्षांत हृदयविकाराने गेलेल्यांचा अंदाज १,६४७, म्हणजे वर्षाला जवळपास शंभर. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात एरवी दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस सकाळी उठून थेट टनावारी वजन उचलायला लागतो. त्या रील्समधले आजोबा ट्रॅक्टरवर का बसलेत, हे इथे कळतं. ती हौस आहेच, पण डॉक्टरचा सल्लाही असू शकतो.

हा ट्रॅक्टर मुळात उन्हाळ्यात गवत कापायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर ऐसपैस अंगणांची घरं वाढली आणि शेतातला ट्रॅक्टर आकसून अंगणात आला. जॉन डिअरने आपला पहिला लॉन अँड गार्डन ट्रॅक्टर, मॉडेल ११०, १९६३ मध्ये आणला. खरी मजा जोडण्यांची आहे. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायची पाती, हिवाळ्यात ती काढून पुढे चार फुटी पातं. आपल्याकडे एकाच ट्रॅक्टरला कधी नांगर, कधी रोटाव्हेटर, कधी ट्रॉली लागते, तसंच. फक्त लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर यांत गल्लत नको. पहिला हलका, फक्त गवतापुरता. दुसऱ्याची चासी आणि मागचा गिअरबॉक्स दणकट असतात. हलक्यावर पातं लावून रोज जड बर्फ ढकलला, तर दोनतीन हिवाळ्यांत त्याचा जीव जातो.

मेकॅनिकलवाल्यांनो, पुढचं तुमच्यासाठी. लोकांना वाटतं, इंजिन किती हॉर्सपॉवरचं हा मुख्य प्रश्न. चूक! वीसेक हॉर्सपॉवर पुरेसे होतात, अडतं ते घर्षणाशी. इंजिन गुरगुरतंय, चाकं जागच्या जागी फिरतायत आणि बर्फ ढिम्म, हे दृश्य तिकडे नेहमीचं. मग मागच्या चाकांना साखळ्या बांधतात, मागे लोखंडी वजनं किंवा वाळूच्या गोण्या लादतात. आणि टायरात द्रव भरतात. गावाकडे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरलेलं तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. तेच तत्त्व, पण उणे वीस अंशांत पाण्याचा दगड होणार. म्हणून पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरायचे. ते गोठत नाही, पण लोखंडी रिम खातं. आता बरेच जण बीटापासून साखर काढल्यावर उरलेला घट्ट रस भरतात. जड, न गोठणारा, आणि रिमला न खाणारा. आपल्या साखर कारखान्यातल्या मळीची ही चुलत बहीण, तिकडे टायरात बसून बर्फ ढकलतेय!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण या कामातली खरी अक्कल तिथेच लागते. बर्फ नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. नवखा माणूस नोव्हेंबरातला पहिला बर्फ ड्राइव्हवेच्या अगदी कडेला सारून मोकळा होतो. रात्री तो ढीग गोठतो आणि सकाळी तिथे भिंत उभी असते. पुढचा बर्फ त्या भिंतीच्या अलीकडे, त्याच्या पुढचा आणखी अलीकडे. जानेवारी संपेपर्यंत ड्राइव्हवेचा बोळ होतो आणि गाडीचे आरसे मिटून बाहेर पडावं लागतं. म्हणून जाणकार पहिल्याच खेपेला बर्फ कडेच्या पलीकडे, पार लॉनमध्ये आत ढकलून ठेवतात. आत्ता मूर्खपणा वाटतो, फेब्रुवारीत कळतं. समोर रस्त्यावर ढकलायची सोय नाही. मिशिगनसह अनेक राज्यांत ते बेकायदेशीर आहे. अग्निशमनाच्या नळावर ढीग करायचा नाही. भिंतीतून बाहेर आलेलं हीटरचं धुराडं बुजवायचं नाही, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद गॅरेजमध्ये ट्रॅक्टर ‘जरा गरम होऊ दे’ म्हणून चालू ठेवणंही याच कारणासाठी जिवावर बेतू शकतं.

शिवाय पालिकेची गाडी! तुम्ही तासभर राबून ड्राइव्हवे चकाचक करता, कॉफीचा मग हातात घेता, आणि तेवढ्यात रस्ता साफ करणारा अजस्र ट्रक तुमच्या दारात गोठलेल्या ढेकळांचा गुडघाभर बांध घालून निघून जातो. यावर एक देशी जुगाड आहे, म्हणजे त्यांच्या देशातला. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की तिकडे जवळच्या लेनमधली वाहनं डावीकडून येतात. म्हणून दाराच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, एक रिकामा कप्पा आधीच साफ करून ठेवायचा आणि आपला बर्फ उजवीकडे टाकायचा. ट्रकच्या पात्यावरचा बराचसा माल त्या कप्प्यात पडतो, दारात कमी येतो.

कडेला जागाच उरली नाही की पातं सोडून ब्लोअर लावायचा. क्विबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये बर्फ फेकणारं यंत्र बनवलं. मळणीयंत्रावरून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरमध्ये मळसूत्रासारखं पातं बर्फ आत ओढतं, मागचा पंखा तो धुराड्यातून तीसेक फूट लांब भिरकावतो. दगड किंवा बर्फाखाली गाडलेला पेपरचा गठ्ठा अडकला तर गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एक स्वस्त पिन मुद्दाम आधी तुटते. शिअर पिन पुस्तकात वाचून कंटाळा आला असेल, तर ती इथे कामाला लागलेली दिसते. ओल्या बर्फाने धुराडं तुंबलं की मात्र लोकांचा हात आपोआप आत जातो, आणि बोटं जातात. इंजिन बंद केलं तरी पात्यात ताण साठून राहिलेला असू शकतो, अडथळा सुटताच ते झटकन फिरतं. काठी वापरायची, नेहमीच.

आणि काही दिवस असे येतात की यातलं काहीच चालत नाही. बफेलो शहर ईरी सरोवराच्या काठावर आहे. सरोवर अजून उबदार असताना त्यावरून कडाक्याचा वारा आला की तो बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत काही दिवसांत ऐंशी इंचांच्या आसपास बर्फ पडला, म्हणजे साडेसहा फुटांहून जास्त. तिथे अंगणातला ट्रॅक्टर आधी स्वतःच शोधून काढावा लागतो. अशा वेळी हुशारी एकच, वादळ चालू असतानाच चार-चार इंचांवर फेऱ्या मारत राहायचं. तेही जमेपर्यंत.

पुढच्या वर्षी एमएससाठी बफेलो, मिशिगन, मिनेसोटा असं काही डोक्यात असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. घर भाड्याने घेताना करारात बर्फ कुणी काढायचा हे लिहिलेलं असतं, ते वाचा. ‘मालक बघेल’ हे गृहीत धरू नका. दुसरं, शेजाऱ्यांचे ड्राइव्हवे साफ करून पॉकेटमनी काढायचा मोह होईल. एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर पैसे घेऊन काम करता येत नाही, आणि बर्फ काढणं हेही कामच. फुकट मदत करायला हरकत नाही. शिकागोत ‘स्नो कॉर्प्स’, पिट्सबर्गमध्ये ‘स्नो एंजल्स’ असे उपक्रम आहेत. ज्यांना फावडं उचलता येत नाही अशा वृद्ध आणि अपंग लोकांसाठी तिथे स्वयंसेवक जोडून दिले जातात.

ज्यांना हात गार न करता बर्फ हटवायचाय, त्यांच्यासाठी मिनेसोटात २०११ पासून सुरू झालेली स्पर्धा आहे. ‘इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हिगेशन’ ती भरवते. विद्यार्थ्यांच्या टीम्सनी चालकाविना बर्फ ढकलणारं यंत्र बनवायचं, आणि आखलेली वाट त्याने स्वतःच्या स्वतः साफ करायची. कोडिंगवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, वेल्डिंगवाले सगळेच लागतात. आणि तिथेही बर्फ नेऊन टाकायचा कुठे, हे यंत्राला आधी शिकवावं लागतंच.

एप्रिलमध्ये पातं उतरतं, साखळ्या निघतात, गवत कापायची पाती पुन्हा पोटाखाली चढतात. ढीग सगळ्यात शेवटी वितळतात. त्यांच्याखाली पात्याने खरवडलेली हिरवळ, हरवलेला एखादा हातमोजा आणि नोव्हेंबरातलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं वर्तमानपत्र सापडतं. मग तिथे थोडी माती टाकून नवं बी पेरायचं.